कागदना पैसा

राम राम मंडळी. कुणी गोठ्यात असेल, कुणी शेतात मोटर चालू करून बांधावर बसलं असेल, कुणी भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर कानात वायर घालून गाडीची वाट बघत असेल, सगळ्यांना राम राम. मी जळगावला स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, म्हणजे घर, गोडाऊन, पाण्याची टाकी यांचा सांगाडा किती जाड ठेवायचा, लोखंड किती टाकायचं याचा हिशोब करून ड्रॉइंग देतो. पहिली नोकरी लागली तेव्हा मामांच्या गावी गेलो होतो, साक्रीकडे, पांझरा नदीच्या काठी. मामा ओट्यावर बसलेले, म्हणाले, तू काय करस रे भाऊ? मी सांगितलं, डिझाइन करतो, नकाशे काढतो, सल्ला देतो. त्यांनी जरा थांबून विचारलं, "कागदना पैसा भेटतस का?"

मनापासून विचारलं होतं त्यांनी. विटा विकल्या तर विटा दिसतात, सिमेंट विकलं तर गोणी दिसते, आणि हा पोरगा कागद विकतो. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, आज एका कंपनीची गोष्ट सांगून देतो.

ओव्ह अरुप नावाचा माणूस, जन्म १८९५ चा, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा, पण घर डॅनिश, वडील गुरांचे डॉक्टर. हा कोपनहेगनला आधी फिलॉसॉफी शिकला आणि मग इंजिनियरिंगकडे वळला. १९२२ पासून काँट्रॅक्टर कंपन्यांत काम केलं, काँक्रीट हाताने ओळखायला शिकला, आणि १९४६ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, लंडनला स्वतःच्या नावाचं कन्सल्टन्सी ऑफिस काढलं, म्हणजे फक्त डिझाइन आणि सल्ला देणारं. तीच ही अरुप कंपनी. आपल्याकडे पन्नाशीला माणूस पोरांची लग्नं आणि रिटायरमेंटचं बघतो, आणि हा तेव्हा सुरुवात करतोय. सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक काय, तर आयर्लंडमध्ये डब्लिनचा बस स्टँड! त्यासाठी त्याच वर्षी तिथं दुसरं ऑफिस झालं, पुढे १९५० च्या दशकात आफ्रिकेत. म्हणजे काम जिथं, तिथं माणसं जाऊन बसली, आणि काम संपल्यावर ऑफिस तिथंच राहिलं, अशी ती कंपनी पसरली. वाढायची दुसरी पण रीत आहे, एक कंपनी दुसरीला विकत घेते, ब्रिटनची अ‍ॅटकिन्स ही तशीच मोठी कंपनी २०१७ मध्ये कॅनडावाल्यांनी घेतली. त्याला मी वाईट म्हणत नाही, पण मला पहिली रीत जास्त पटते.

आता सिडनीचं ऑपेरा हाउस, शिडांसारखी छपरं असलेली ती पांढरी बिल्डिंग, फोटो तुम्ही बघितलाच असेल. १९५७ मध्ये योर्न उत्झॉन नावाच्या डॅनिश आर्किटेक्टचं चित्र स्पर्धेत पहिलं आलं, चित्र इतकं सुंदर की सगळे भाळले, पण ते छप्पर उभं कसं राहणार हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्या आकारांना काही नियमच नव्हता, आणि नियम नाही तर हिशोब नाही, हिशोब नाही तर साचा नाही. अरुपची माणसं उत्झॉनबरोबर वर्षानुवर्षं बसली, एकामागून एक आकार करून बघितले, कॉम्प्युटर तेव्हा नवीन होता तरी त्याच्यावर गणितं केली. शेवटी १९६१ च्या सुमाराला उत्तर सापडलं की सगळी छपरं एकाच मोठ्या गोलाचे तुकडे समजायचे, साधारण ७५ मीटर त्रिज्येच्या. एकाच मोसंबीच्या सालीतून लहानमोठे काप काढा, प्रत्येक काप वेगळा दिसेल पण सालीचा बाक तोच राहील ना? मग ठरावीक साच्यांत काँक्रीटच्या फासळ्या आधी ओतून ठेवता आल्या आणि वर नेऊन जोडता आल्या. खर्च मात्र ७० लाख डॉलरच्या अंदाजावरून १०.२ कोटींवर गेला, भांडणं झाली, १९६६ मध्ये उत्झॉन काम सोडून गेला, आणि उद्घाटन व्हायला १९७३ उजाडलं. मी यातून एवढंच घेतलं की चित्र काढणारा आणि हिशोब करणारा पहिल्या दिवसापासून एका टेबलाशी पाहिजेत. अरुप आयुष्यभर हेच सांगत होते. आपल्याकडे अजून कॉलम उभे राहिल्यावर इंजिनियरला फोन येतो.

मला या कंपनीबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो मात्र एका चुकीमुळे. लंडनला थेम्स नदीवर पायी चालायचा मिलेनियम ब्रिज, इंजिनियरिंग अरुप कंपनीचं, १० जून २००० ला उघडला, पहिल्याच दिवशी हजारो लोक आले आणि पूल आडवा डुलायला लागला. कारण असं की पूल जरासा हलला की माणूस तोल सांभाळायला त्याच तालात पाय टाकतो, सगळे एका तालात आले की पूल अजून हलतो, मग पावलं अजून जुळतात. दोन दिवसांत पूल बंद. अरुपच्या इंजिनियरांनी लपवलं नाही, त्याच पुलावर माणसं चालवून मोजमाप घेतलं, किती माणसांना डुलणं सुरू होतं ते शोधलं, गाडीच्या शॉकअब्सॉर्बरसारखे ३७ डॅम्पर आणि शिवाय हलत्या वजनांचे वेगळे डॅम्पर बसवले, आणि आपण काय शिकलो ते जगासमोर मांडलं. फेब्रुवारी २००२ मध्ये पूल परत उघडला. आज असा पूल डिझाइन करताना हा आडव्या डुलण्याचा विचार करावाच लागतो.

आणि मालकी. १९७० मध्ये विंचेस्टरला अरुपनी आपल्या लोकांसमोर भाषण केलं, की काम उत्तम पाहिजे, व्यवहार सरळ पाहिजे, माणसं सुखात पाहिजेत. पुढे कंपनी ट्रस्टकडे गेली, ती काम करणाऱ्यांसाठीच आहे, बाहेरचा शेअरवाला कुणी नाही, नफा आतच वाटला जातो. आज तीसच्या वर देशांत ऑफिसं आहेत. हे वाचलं तेव्हा मला आपली पांझरेवरची फड पद्धत आठवली, बंधारा सगळ्यांचा, पाणी पाळीने, एका फडात सगळ्यांचं एक पीक, पाटकरी गावानेच नेमलेला. शेकडो वर्षं चाललं ते, सगळ्यांचं होतं म्हणूनच. त्याच पांझरेच्या एका पाटावर विश्वेश्वरय्यांनी उमेदीच्या काळात पाइपचा सायफन, म्हणजे पाणी खालून पलीकडे नेणारी नळी, बांधला, १८८४ मध्ये ते मुंबई सरकारच्या पीडब्ल्यूडीत लागले आणि खानदेशात आले तेव्हाची गोष्ट. नोकरी सोडल्यावर, १९०८ च्या मुसी नदीच्या पुरानंतर, हैदराबादच्या निजामाने त्यांना बोलावलं ते सल्ल्यासाठीच, कागदासाठीच! शहराच्या वर दोन मोठे तलाव झाले, उस्मानसागर आणि हिमायतसागर.

तर मामा. त्यांनी नंतर घर बांधलं, मिस्त्रीच्या अंदाजाने, तीन फुटांवर पाया, खाली सगळी काळी माती. मी लांब होतो, मला कुणी विचारलं नाही आणि मीही आपणहून विचारलं नाही, हे मला अजून टोचतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया तिच्याबरोबर वरखाली होतो. चौथ्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीत चुलीपासून खिडकीपर्यंत तिरकी चीर गेली, मामी तिच्यात दरवर्षी चुना भरायच्या.

आता नातू त्याच जागेवर नवीन घर बांधतोय. मागच्या महिन्यात आधी खड्डा घेतला, नऊ फुटांवर मुरूम लागला, त्यावर फुटिंग म्हणजे खांबाखालचा काँक्रीटचा रुंद तळ, वर प्लिंथ बीम म्हणजे जोत्याशी खांब एकमेकांना बांधणारी तुळई, असं ड्रॉइंग दिलं. मामा ऐंशीच्या वर आहेत, काठी टेकत खड्ड्याच्या काठाला आले, मुरूम हातात घेऊन चोळला, आणि निघताना खिशातून पाकीट काढलं. मी नको नको म्हणत होतो. "ले," म्हणाले, "कागदना पैसा शे."

घेतले मी. सोमवारी फुटिंगचं काँक्रीट आहे, पहाटेच निघणारे. राम राम.