रेघेच्या वर, रेघेच्या खाली

[पडद्यावर एक यादी हळूहळू वर सरकते. नावं पुसट, फक्त क्रमांक स्पष्ट.]

एक, दोन, तीन, चार… प्रत्येक क्रमांकापुढे एक छोटी कंपनी आणि तिच्या डोक्यातली एक कल्पना. कुणाला पाण्यापासून हायड्रोजन स्वस्तात काढायचाय. कुणाला सोलर सेलवरचा लेप सुधारायचाय. कुणाला चिमणीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड तिथल्या तिथे पकडायचाय. अमेरिकेच्या ऊर्जा विभागात एकेका विषयाचे अर्ज तपासून असा क्रम लावला जातो. मग यादीवर कुठेतरी एक रेघ पडते. रेघेच्या वरच्यांना सरकारी पैसे मिळतात, खालचे हात हलवत परत जातात.

यातली गंमत अशी की, क्रम लावणाऱ्याला रेघ कुठे पडणार हे माहीत नसतं. किती जणांना अनुदान द्यायचं, ते दुसऱ्याच टेबलावर ठरतं. तिसरा आत आला आणि चौथा बाहेर राहिला, तर त्यात चौथ्याचा दोष फारसा नसतो. त्या वर्षी त्या विषयाला तेवढेच पैसे होते, इतकंच.

ही रेघ लक्षात असू द्या. तिच्याकडे परत यायचंय.

[जुनी छायाचित्रं. वॉशिंग्टन, संसद भवनाचा घुमट.]

योजनेचं नाव स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च. बोलताना सगळे एसबीआयआर म्हणतात. कल्पना रोलंड टिबेट्स यांची. ते नॅशनल सायन्स फाउंडेशन या विज्ञान संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेत होते आणि १९७७ साली त्यांनी तिथे छोट्या कंपन्यांसाठी हा प्रयोग सुरू केला. सरकारचा संशोधनावरचा पैसा तेव्हा मुख्यतः विद्यापीठं, राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि बड्या कंपन्या यांच्यात वाटला जाई. २२ जुलै १९८२ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी सही केली आणि प्रयोगाचा कायदा झाला. विद्यापीठांनी जोरदार विरोध केला होता. आपल्या ताटातलं कमी होणार, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

कायदा म्हणतो, ज्या खात्याचं बाहेरच्यांकडून करून घ्यायच्या संशोधनाचं बजेट वर्षाला १० कोटी डॉलरच्या वर आहे, त्याने त्यातला ठरावीक वाटा छोट्या कंपन्यांसाठी बाजूला काढायचा. सुरुवात ०.२ टक्क्यांपासून झाली, पुढे वाढत वाढत तो ३.२ टक्क्यांवर गेला. छोटी म्हणजे ५०० माणसांपर्यंतची कंपनी. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण अर्ज करणाऱ्यांत दोन-चार माणसांच्या कंपन्याही असतात.

[प्रयोगशाळेतलं टेबल. तारा, मोजमापाची यंत्रं, एक छोटी काचेची कुपी.]

अडचण काय असते, ते या टेबलावर दिसतं.

मोबाइलचं एखादं अ‍ॅप लॅपटॉपवर बनवून उद्या दाखवता येईल. हायड्रोजनसारख्या इंधनापासून थेट वीज बनवणाऱ्या इंधन सेलमधला पडदा तसा दाखवता येत नाही. तो हजारो तास टिकतो, हे सांगायचं तर तो तितके तास चालवावा लागतो. त्यासाठी साहित्य लागतं, यंत्रं लागतात, माणसांचे पगार लागतात. बँक तारण मागते. गुंतवणूकदार म्हणतो, आधी चालवून दाखवा, मग पैसे. आणि चालवून दाखवायलाच तर पैसे हवेत! वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशातली गत.

एसबीआयआरचा पहिला टप्पा नेमका इथे येतो. सहा महिने ते एक वर्ष मुदत. रक्कम आधी १ लाख डॉलर होती, मग दीड लाख, आता ऊर्जा विभागात २ लाखांच्या आसपास. ही रक्कम परत करायची नसते आणि सरकार कंपनीत भागही मागत नाही. पेटंट कंपनीचंच राहतं, सरकारला ते स्वतःच्या कामासाठी रॉयल्टी न देता वापरता येतं, एवढंच. एकच प्रश्न सोडवायचा असतो: ही गोष्ट होऊ शकते का? होऊ शकते असं दिसलं तर दुसरा टप्पा, साधारण दोन वर्षांचा, १० लाख डॉलर किंवा त्याहून जास्त. तिसऱ्या टप्प्याला या योजनेतून पैसे नाहीत. तिथून पुढे गिऱ्हाईक शोधायचं.

[यादी पुन्हा पडद्यावर. या वेळी मधोमध लाल रेघ.]

आता ती रेघ.

अर्थशास्त्रज्ञ सॅब्रिना हॉवेल यांनी १९८३ ते २०१३ या काळातल्या ऊर्जा विभागाच्या अशा याद्या मिळवल्या आणि रेघेच्या जरा वर असलेल्या कंपन्या जरा खाली राहिलेल्यांशी ताडून पाहिल्या. दोन्हींच्या लायकीत फारसा फरक नव्हता, फरक फक्त पैसे मिळाल्या-न मिळाल्याचा. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या टप्प्याचं अनुदान मिळालं की पुढे जोखीम भांडवल, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या गुंतवणूकदारांचा पैसा, मिळण्याची शक्यता सुमारे १० टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर जाते, असं त्यात दिसलं.

सरकारी शिक्का बसला म्हणून गुंतवणूकदार भुलले असतील, अशी शंका येते. हॉवेल यांच्या मते कारण तसं नाही. त्या पैशांतून कंपनीने काहीतरी बनवलं, चालवलं, मोजलं. गुंतवणूकदाराला दाखवायला हातात वस्तू आली. आणि दुसऱ्या टप्प्याचे ते १० लाख? त्यांचा भांडवल मिळण्यावर जवळजवळ काहीच परिणाम आढळला नाही. मला या अभ्यासातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट हीच वाटते. छोट्या चेकने काम केलं, मोठ्याने नाही.

नव्या, पैशांची चणचण असलेल्या कंपन्यांना फायदा सर्वांत जास्त. ज्यांनी आधीच पुष्कळ अनुदानं मिळवलीत, त्यांना कमी. अमेरिकेत अशा वारंवार अनुदान मिळवणाऱ्या कंपन्यांना 'एसबीआयआर मिल' म्हणतात, म्हणजे अनुदानाची गिरणी. अर्ज लिहिण्यात त्या तरबेज, बाजारात माल क्वचित. यावरून संसदेत दरवेळी खडाजंगी होते. २०२२ साली योजनेची मुदत अगदी शेवटच्या दिवशी वाढवली गेली. ३० सप्टेंबर २०२५ ला पुन्हा तीच तारीख आली, या वेळी मुदतवाढ वेळेत झाली नाही आणि नवी अनुदानं थांबली.

[बॅटरीच्या सेलचं जवळून दृश्य. मॅसॅच्युसेट्समधले रस्ते.]

रेघेच्या वर आलेल्या एका कंपनीची गोष्ट. एमआयटीचे प्राध्यापक येट-मिंग चियांग आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ए१२३ सिस्टिम्स ही बॅटऱ्या बनवणारी कंपनी काढली. नाव बालवाडीच्या पुस्तकातलं वाटतं, पण ते अतिसूक्ष्म कणांमधलं आकर्षण मोजणाऱ्या एका स्थिरांकावरून घेतलंय. लिथियम आयर्न फॉस्फेट हा बॅटरीत वापरायचा पदार्थ स्वस्त आणि सुरक्षित होता, पण त्यातून वीज नीट वाहत नसे. कण अतिशय बारीक केले आणि त्यांत दुसरं मूलद्रव्य किंचित मिसळलं, तर वाहते, असा त्यांचा दावा. सुरुवातीच्या दिवसांत ऊर्जा विभागाच्या एसबीआयआरमधून १ लाख डॉलर मिळाले. काही वर्षांतच त्यांच्या बॅटऱ्या डीवॉल्टच्या ड्रिल मशीनमध्ये बसल्या.

२००९ साली कंपनी शेअर बाजारात उतरली. त्याच वर्षी सरकारने कारखान्यासाठी २४ कोटी ९० लाख डॉलर मंजूर केले, अर्थात ते एसबीआयआरमधून नव्हे. मग विजेच्या गाड्यांचा खप अपेक्षेइतका वाढला नाही, सदोष बॅटऱ्या बदलून द्यायची वेळ आली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढच्या वर्षी वानशियांग या चिनी उद्योगसमूहाने ती विकत घेतली. इथेही मोठा चेकच फसला, असं म्हणायचा मोह होतो. पण एका उदाहरणावरून तसं म्हणणं बरोबर नाही.

[गंजलेल्या लोखंडाचा पृष्ठभाग. कॅमेरा मागे सरकतो, नदीकाठचा विस्तीर्ण कारखाना.]

लिथियम आयर्न फॉस्फेट आज जगभरातल्या लाखो विजेच्या गाड्यांमध्ये आहे, त्यातल्या बहुतेक चीनमधल्या. चियांग यांनी २०१७ साली इतरांबरोबर फॉर्म एनर्जी ही आणखी एक कंपनी काढली. तिची बॅटरी लोखंड गंजवून वीज देते आणि गंज उलटवून पुन्हा चार्ज होते. सलग १०० तास पुरेल, अशी ती बनवायची आहे. कारखाना वेस्ट व्हर्जिनियातल्या वेअरटन गावात उभा राहिला, जिथे पूर्वी पोलादाच्या भट्ट्या होत्या त्याच जागेवर.