पुरुषांच्या गुप्तांगाच्या त्वचेचा रंग बदलला तर

सुरुवातीला तुम्ही प्रश्न लिहून ज्या चिठ्ठ्या दिल्यात त्यातल्या निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर नाव नाहीये, आणि प्रश्न फिरून फिरून तोच, डॉक्टर, खालची त्वचा काळी का आहे, काही रोग आहे का. तर आधी तेच घेऊ.

लिंग, अंडकोश, जांघ इथली त्वचा बाकीच्या अंगापेक्षा गडद असणं अगदी नॉर्मल आहे. वयात येताना हार्मोन्स वाढतात, तिथल्या रंगपेशी त्या हार्मोन्सना जास्त दाद देतात, त्यामुळे मिसरूड फुटायच्या वयात तो भाग काळपट व्हायला लागतो आणि मग तसाच राहतो, गोऱ्यापान माणसाचाही. खालच्या अंगाने मधोमध जी गडद रेघ जाते ती आपण आईच्या पोटात असताना दोन बाजू जुळल्या त्याची शिवण आहे. टोकाच्या कडेने ओळीत बारीक मोत्यांसारखे दाणे दिसतात, कातडीवर पिवळसर ठिपके दिसतात ते तेलाच्या ग्रंथी, वय वाढलं की अंडकोशावर लाल-जांभळे ठिपके येतात. हे कोणाकडून लागलेलं नसतं आणि यातलं काही चोळून काढायचंही नसतं.

मला विचाराल तर एकूण रंग किती गडद आहे याला फार अर्थ नाही, बदल कधी झाला, किती जागेत झाला आणि सोबत खाज, आग, जखम असं काही आहे का, हे बघायचं.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण यावरून घरं मोडायची वेळ आलेली मी बघितलीय. टोकावर एक गोल चट्टा येतो, आधी लाल, आग होते, कधी फोड येऊन साल निघते, आठ-दहा दिवसांत बरं होतं आणि मागे काळा-जांभळा डाग राहतो. तीन-चार महिन्यांनी बरोबर त्याच जागी परत तेच. माणूस घाबरतो, बायकोला संशय येतो, आणि खरं कारण काय तर अंगदुखीसाठी घेतलेली एक गोळी! ही औषधाची ॲलर्जी आहे. त्वचेच्या त्या तुकड्यात संरक्षण करणाऱ्या पेशी आठवण धरून बसलेल्या असतात, तेच औषध परत पोटात गेलं की काही तासांत तीच जागा पेटते, आणि दर वेळी डाग आणखी गडद होतो. सल्फाची औषधं, डॉक्सीसायक्लिनच्या जातीची अँटिबायोटिक्स, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, अगदी पॅरासिटामॉलनेही हे होतं. पेशंट सांगतो मी काहीच औषध घेत नाही, कारण पेनकिलरला तो औषध समजतच नाही. म्हणून येताना गेल्या पंधरा दिवसांत पोटात गेलेली प्रत्येक गोळी आठवून, लिहून आणा, डोकेदुखीची, सर्दीची सगळी. औषध सापडलं आणि कायमचं बंद केलं की चट्टा परत येत नाही, डाग मात्र जायला बरेच महिने लागतात, तिथे धीर धरायचा.

दुसरा विषय ट्यूबचा, आणि इथे मला खरंच राग येतो. जांघेत गजकर्ण होतं, खाज सुटते, लाजेपायी डॉक्टरकडे जायचं नाही, मग कोणीतरी सांगितलेली स्टेरॉइडवाली मिक्स ट्यूब लावायची. दोन दिवसांत खाज थांबते म्हणून बरं वाटतं आणि आत बुरशी मस्त पसरत राहते, तिचं रूपही असं बदलतं की नंतर ओळखायला आम्हालाही वेळ लागतो. 1967 साली एक अभ्यास झाला होता, हायड्रोकॉर्टिसोन नावाचं स्टेरॉइड शरीराच्या वेगवेगळ्या भागातून किती आत शिरतं याचा, तर हाताच्या पुढच्या भागातून जेवढं शिरलं त्याच्या 42 पट अंडकोशाच्या त्वचेतून शिरलं. बेचाळीस पट! म्हणून तिथली कातडी पातळ होते, जांघेत ताणल्यासारखे कायमचे पट्टे उमटतात, आणि ट्यूब बंद केली की अंडकोश लालबुंद होऊन आग आग होते. गोरं करायच्या क्रीमचंही तेच, कित्येकांत स्टेरॉइड किंवा पारा असतो, तिथे लावूच नका.

पांढऱ्या डागांचं वेगळं आहे. दुधासारखा पांढरा, खाज नाही, त्वचा मऊ, तर बहुतेक कोड असतं, ते संसर्गजन्य नाही आणि त्याने संबंधात काही अडत नाही. पण पांढरी, चकचकीत, कडक झालेली त्वचा, पुढची कातडी मागे जायला घट्ट होत चाललीय, लघवीची धार बारीक झालीय, असं असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचेचा आजार असू शकतो. तिथे थांबू नका. लवकर आलात तर मलमाने आटोक्यात येतो (हो, तेही स्टेरॉइडच असतं, पण डॉक्टरने मोजून दिलेलं), आणि दुर्लक्ष केलं तर लघवीचा मार्ग आक्रसतो, पुढे कॅन्सरचा थोडा धोकाही असतो.

टोक लाल, कातडीला चिरा, दह्यासारखा थर असं पुन्हा पुन्हा होत असेल तर शुगर तपासा. कित्येकांना डायबिटीस आहे हे इथूनच कळतं. मान, काख, जांघ तिन्हीकडे मखमलीसारखी जाडसर काळी त्वचा झाली असेल तरीसुद्धा शुगर आणि वजन बघायचं, घासून ती जात नाही.

न दुखणारी जखम आली आणि आपोआप बरी झाली, तरी रक्त तपासून घ्या, सिफिलिसची जखम अशीच भरते आणि रोग आत राहतो. महिनाभर न जाणारा लाल मखमली चट्टा, वेडावाकडा वाढणारा काळा डाग, यांचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो.

आणि काही गोष्टींना सकाळची वाट बघायची नाही. मागे गेलेली कातडी पुढे येईना आणि टोक सुजून निळं पडतंय, संबंधाच्या वेळी कट्‌कन आवाज होऊन ताठरपणा गेला आणि लिंग काळंनिळं सुजलं, एका अंडकोशात अचानक भयंकर दुखायला लागलं, किंवा ताप येऊन तिथली त्वचा काळी पडत पसरतेय, यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी घरच्यांना उठवा, काय झालंय ते स्पष्ट सांगा आणि सरळ हॉस्पिटल गाठा.