साच्याची किंमत आणि साच्याचा खर्च
(सोलापूर येथील संग्राहकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय, संयोजक आणि मित्रहो,

पत्रिकेवर माझा विषय 'बंदुकीच्या गोळ्या ओतण्याचे साचे : छंद आणि खर्च' असा छापला आहे. आपल्यापैकी कोणी नाणी जमवतो, कोणी अडकित्ते, कोणी दिवे. त्यामुळे छंदाला पैसा लागतो हे मी सांगण्याची गरज नाही. मला एवढेच मांडायचे आहे, की साचा विकत घेताना आपण जे पैसे मोजतो तो या छंदातला सर्वांत लहान खर्च असतो, आणि मोठा खर्च आपण कधी वहीत लिहीतच नाही.

ज्यांनी असा साचा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. सांडशीच्या दोन पात्यांत अर्धी-अर्धी वाटी कोरली, पाती मिटल्यावर आत पूर्ण गोल पोकळी तयार झाली आणि वर शिसे ओतायला एक लहान तोंड ठेवले, की साचा झाला. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे साधी कोळशाची शेगडीसुद्धा त्याला पुरते. त्यामुळे शिपाई असो वा शिकारी, प्रत्येकाला आपली गोळी आपणच ओतता येत असे. प्रत्येक हातघडणीच्या बंदुकीच्या नळीचे माप थोडे निराळे असल्यामुळे कारागीर बंदुकीबरोबर तिचा साचाही देत असे. इंग्रज कारागिरांच्या पेटीबंद पिस्तुलांत दारूच्या डबीशेजारी साच्यासाठी वेगळा कप्पाच असतो. बंदूक आणि तिचा साचा हे कुलूपकिल्लीसारखे जोड आहेत. ताटातूट झाली की दोघांच्याही इतिहासातला अर्धा भाग पुसला जातो.

आता ज्या साच्याने मला हा हिशेब शिकवला त्याची हकीकत सांगतो, आणि ती थोडी सविस्तर सांगण्याची परवानगी घेतो. माझी नोकरी गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून गेली, त्यामुळे भंगाराच्या दुकानात हात घालण्याची सवय जुनीच. बारा-तेरा वर्षांपूर्वी अशाच एका दुकानात, बिजागऱ्या आणि नटबोल्टच्या ढिगात, गंजून घट्ट मिटलेली एक सांडशी मला सापडली. दुकानदाराने तिला पकड समजून इतर लोखंडाबरोबर तोलले, आणि त्या सगळ्या लोखंडाचे मी दोनशे साठ रुपये दिले. घरी आल्यावर दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवली तेव्हा ती उघडली आणि आत ती गोल पोकळी दिसली. त्या रात्री मला झोप आली नाही. दांड्याच्या बाहेरच्या बाजूला गंजाखाली ठोकलेली काही अक्षरे आणि त्यांच्याशेजारी एक आकडा होता. ती वाचता येत नव्हती, पण नखाला स्पष्ट लागत होती.

मी घाई केली. गंज निघाल्यावर अक्षरे वाचू, अशा विचाराने तो साचा एका कारखान्यात नेऊन दिला आणि 'फक्त गंज काढा, बाकी कशालाही हात लावू नका' असे दोनदा बजावले. चार दिवसांनी साचा परत मिळाला तो ताटासारखा चकाकत होता. त्यांनी तो थेट बफिंगच्या चाकावर धरला होता. अक्षरे गेली होती, आकडा गेला होता, आणि पोकळीच्या ज्या धारेवरून साचा किती वापरला गेला होता हे समजले असते ती धारही गोल झाली होती. मजुरीचे दीडशे रुपये त्यांनी मागितले आणि मी ते दिले. ज्या माणसाने तो घडवला त्याचे नाव दीडशे वर्षे गंजाखाली सुखरूप असावे आणि एका दुपारी चाकाखाली नाहीसे व्हावे, याचे दुःख मला आजही तितकेच आहे.

त्यानंतर जे मिळवता येईल ते मिळवण्याचा मी प्रयत्न केला. पोकळीत प्लास्टर ओतून गोळा काढला आणि व्हर्नियरने मोजला, तर व्यास १६.८ मिलिमीटर भरला. येथे जुनी इंग्रजी मोजणी उपयोगी पडते. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत बसते ती बारा बोअरची. आपल्याकडे शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला 'बारा बोअर' हा शब्द तिथूनच आला आहे. पौंडात सोळा गोळ्या केल्या तर एकीचे वजन २८.३५ ग्रॅम होते. शिशाची घनता घनसेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम, म्हणजे घनफळ बरोबर अडीच घनसेंटिमीटर आणि व्यास १६.८ मिलिमीटर. आकडा जुळला तेव्हा साचा सोळा बोअरचा आहे हे निश्चित झाले. जुन्या इंग्रजी साच्यांवर बोअरचा आकडा ठोकलेला असे, तेव्हा पुसला गेलेला आकडा सोळाच असावा. अक्षरे मात्र कोणत्याही गणिताने परत येत नाहीत. तशीच घडण कुठे दिसते का, हे पाहण्यासाठी मी तीन वेळा हैदराबादला गेलो आणि सालारजंग संग्रहालयाचे शस्त्रदालन पाहिले. प्रवास, मुक्काम आणि जुन्या सूचिपत्रांच्या झेरॉक्स मिळून नऊ हजारांच्या वर खर्च झाला. दोनशे साठ रुपयांच्या साच्याचा हा खरा जमाखर्च आहे.

अध्यक्षांनी दहा मिनिटे उरल्याची चिठ्ठी पाठवली आहे, म्हणून पत्रिकेत कबूल केलेला भाग आता भराभर सांगतो.

पहिला खर्च अपुरेपणाचा. अमेरिकेत हा छंद मोठा आहे. तेथील कंपन्या साच्याचे ठोकळे आणि दांडे वेगवेगळे विकतात, त्यामुळे एका खरेदीच्या पाठोपाठ दुसरी येतेच. लायमन कंपनीच्या साच्यावर ३५८४२९ असा क्रमांक असेल तर पहिले तीन आकडे म्हणजे इंचाच्या हजारांश भागांत गोळीचा व्यास आणि पुढचे तीन म्हणजे पोकळी कोरणाऱ्या हत्याराचा क्रमांक. क्रमांक वाचता येऊ लागले की मधले राहिलेले क्रमांक खुणावू लागतात, आणि तेथे संग्राहकाचा हात सैल होतो. फ्रान्सच्या मिनिए याने १८४९ साली पुढे आणलेल्या पोकळ बुडाच्या गोळीचा साचा घेताना बुडाची पोकळी घडवणारी आतली खुंटी शाबूत आहे का ते आधी पाहावे. ती हरवलेली असेल तर नवी घडवून घेण्याला साच्यापेक्षा जास्त पैसे पडतात, आणि घडवलेली खुंटी शेवटी नवीच असते.

दुसरा खर्च जपणुकीचा. आपल्या सोलापूरची हवा बहुतेक वर्ष कोरडी असते, त्यामुळे लोखंडाला येथे धोका कमी, असे मीही मानत होतो. पण पावसाळ्याचे चार महिने पुरेसे असतात. साचा चादरीत गुंडाळून कपाटात ठेवण्याचा मोह आपल्या गावात कोणालाही होईल. सूत मात्र ओलावा धरून ठेवते आणि गंज नेमका कापडाच्या घडीखाली चढतो. तेलाचा पातळ हात, तेलकागद आणि दर दोन महिन्यांनी पाहणी, एवढे करावे. पोकळीत जुन्या शिशाची पांढरी भुकटी दिसली तर ती फुंकू नये; ती विषारी असते.

तिसरा खर्च कागदपत्रांचा, आणि तो टाळू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते, म्हणून वापरण्याजोगा नवा साचा परदेशातून मागवण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. मी स्वतः शिसे कधीही ओतत नाही. मापासाठी प्लास्टर पुरते. साचा शंभर वर्षांहून जुना असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही पाहावा लागतो, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.

माझ्या वहीत आता प्रत्येक साच्याला एक पान आहे. त्यावर खरेदीची किंमत एका ओळीत मावते. कोठे मिळाला, कोणत्या अवस्थेत मिळाला, हात लावण्यापूर्वी काढलेली छायाचित्रे आणि प्रत्येक खुणेची पेन्सिलने कागदावर घासून घेतलेली नक्कल यांनी उरलेले पान भरते. सोळा बोअरच्या पानावर नकलेची जागा मी कोरी ठेवली आहे.

तो साचा टेबलावर ठेवला आहे. सर्वांनी हातात घेऊन पाहावा; फक्त शेजारचे हातमोजे घालावेत, कारण घामातल्या मिठाने लोखंड लवकर गंजते.