रविवारनंतरचे सहा दिवस

फादर, सिस्टर आणि मंडळी, तो पंखा जरा तिकडे वळवा, माझे कागद उडतायत. मी जन्मभर बँकेत कॅशियर. त्यामुळे धर्मशास्त्र कमी, हिशेब जास्त, चालवून घ्या. विषय आहे रविवारनंतरचे सहा दिवस, म्हणजे चर्चमधून बाहेर पडल्यावर रोजच्या कामात श्रद्धा कशी जगायची.

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की आपल्यात पहिली चर्चा मटणाची. उपासाचा नियम १८ ते ५९ वयाला, म्हणजे मी सुटलो. मांस वर्ज्य ते मात्र चौदाव्या वर्षापासून शेवटपर्यंत. मासा त्यात धरत नाहीत, म्हणून काहीजण उजनीच्या माशावर असा ताव मारतात की त्यापेक्षा मटण परवडलं! हसताय कोण ते बघून ठेवलंय.

तर नोकरीत असतानाचा एक भस्म बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करून तसाच काउंटरवर बसलो. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली ती राख, कपाळावर क्रूस. पण हे सोलापूर! सिद्धरामेश्वराचं गाव. इथं कपाळावर राख म्हणजे विभूतीच. शिपाई म्हणाला, "साहेब, पट्टे आडवे पाहिजेत, तुमचा एक उभा झालाय." त्याला समजावण्यात दहा मिनिटं गेली, रांग वाढली. तेवढ्यात पेन्शनची एक आजी आली. अंगठा उठवणारी, सोबत साक्षीदार नाही. दुपारची सुट्टी व्हायला आली होती. मी मान वर न करताच म्हणालो, "साक्षीदार घेऊन उद्या या." आजी माझ्या कपाळाकडे बघत राहिली. "इभूती लावलास की रे, आन म्हातारीला उद्या ये म्हणलालास?"

बरं, माझंच बरोबर होतं! साक्षीदार लागतोच. पण रांगेत आमचे चार खातेदार उभे होते, एकाला हाक मारली असती तर काम दोन मिनिटांचं. दुसऱ्या दिवशी ती एका रिक्षावाल्याला घेऊन आली. त्याचं खातं आमच्याकडेच. त्यानं सही केली, परतीचं भाडंही घेतलं नाही म्हणे. त्याच्या कपाळाला काही नव्हतं.

हे सांगताना वेळ गेला, आवरा म्हणून चिठ्ठी आलीय. मूळ विषय पटकन उरकतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, १९६४ सालीच लिहून ठेवलंय, पावित्र्याचं बोलावणं सगळ्यांना आहे, फक्त फादर-सिस्टरांना नाही. प्रापंचिकानं ते नोकरीत, संसारात जगायचं. कसं? जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियसची रोजची रीत आहे. रात्री पाच मिनिटं बसायचं, आधी देवाचे आभार, मग सकाळपासूनचा दिवस उलगडायचा, चुकलं तिथं क्षमा, उद्यासाठी मदत मागायची. आमच्याकडे संध्याकाळी दहा रुपये जुळले नाहीत तर कॅशियर घरी जात नसे. आपण मात्र वर्षाचा हिशेब गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, फादरपुढे पापं कबूल करायच्या रांगेत घाईघाईनं मांडतो.

मोलकरणीचा पगार आणि कुटुंबप्रार्थनेतला मोबाइल, हे दोन मुद्दे राहिले. चहाला या, सांगतो.