झुंबराखालची मोरी

मंडळी, कूलर चालू राहू द्या, मी आवाज चढवतो. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद केला तर सभागृह रिकामं व्हायला दहा मिनिटं पुरतात.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'कलकत्त्याचं ग्रँड हॉटेल आणि त्याचे परके मालक'. त्याआधी एक खुलासा. आपल्याकडे तर्री-पोहे मिळतात ते हॉटेल आणि झोपायला मिळतं ते लॉज. त्या हिशेबाने आज आपण एकेकाळी पाचशे खोल्या असलेल्या एका लॉजवर बोलणार आहोत. आणि कलकत्ता आपल्याला परकं नाही. 1887 साली बंगाल-नागपूर रेल्वे निघाली, तिच्यात नाव आपलं, पण मुख्य कचेरी तिकडे गार्डन रीचला. नाव आपलं, किल्ल्या त्यांच्याकडे. हसा, पण विदर्भाच्या अर्ध्या इतिहासाचं हेच आहे. असो, तो विषय काढला तर रात्र जाईल.

जुन्या हॉटेलांचे इतिहास वाचताना एक गोष्ट खटकते. कोण राजा उतरला, कोणती नटी नाचली, झुंबर कुठून आणलं, सगळं सापडतं. सांडपाणी कुठून जात होतं, ते कुणी लिहीत नाही. आणि ग्रँड बुडालं ते झुंबरामुळे नाही.

मुळात ते एक हॉटेल नव्हतंच. चौरंगी रस्त्यावर 13 नंबरचं घर कर्नल ग्रँड नावाच्या गृहस्थाचं. तिथे मिसेस मंक या बाईंनी बोर्डिंग हाऊस काढलं. चाललं, म्हणून 14, 15 आणि 17 नंबरही घेतले. मधल्या 16 नंबरात थिएटर होतं आणि त्याचे मालक अरातून स्टीफन, इराणातल्या इस्फहानहून आलेले आर्मेनियन. सुरुवात दागिने विकण्यापासून. 1911 मध्ये थिएटर जळालं. त्यांनी ती जागा नव्याने बांधायला घेतली, पुढे मंकबाईंचा हिस्साही विकत घेतला आणि सगळं मिळून ग्रँड उभं केलं.

आता जरा गवंड्याच्या नजरेने बघा. शेजारशेजारची घरं एक केली म्हणजे काय होतं? दर्शनी भिंत एक होते, रंग एक होतो, पायऱ्या सारख्या होतात. पण प्रत्येक घराची मोरी आपल्या उताराने, आपल्या चेंबरकडे निघालेली असते. नवी न्हाणीघरं जुन्या पाइपांना जोडली जातात, वरून फरशी बसते, आणि कुठली नळी कुठे जाते हे एका जुन्या प्लंबरच्या डोक्यात उरतं. तो गेला की नकाशा गेला.

त्यात कलकत्त्याचा स्वतःचा घोळ. त्या शहरात पाण्याच्या दोन लाइनी. पलता इथल्या जलकेंद्राहून येणारं गाळलेलं पाणी प्यायला, आणि हुगळी नदीचं बिनगाळलेलं रस्ते धुवायला, आग विझवायला, संडासाला. दोन लाइनी एका इमारतीत आल्या की कुणीतरी, कधीतरी, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं म्हणून त्या जोडतोच. एक नळीचा तुकडा आणि एक कॉक. काम झालं की कॉक बंद करायचा. कॉकचा वॉशर झिजतो, आणि बंद कॉकमधूनही पाणी जात राहतं.

हे शोधायचं कसं? प्यायच्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, गच्चीवरच्या टाकीचाही करा. मग एकेका मजल्यावरचे प्यायच्या पाण्याचे सगळे नळ उघडा. पाइपात उरलेलं पाणी दोन-चार मिनिटांत निथळतं. त्यानंतरही जो नळ वाहतो, तो दुसऱ्या लाइनीला जोडलेला आहे. दुसरा धोका रोजचा. पुरवठा थांबला की पाइपातला दाब जातो, आणि फुटका जॉइंट मोरीशेजारी असेल तर तिथलं पाणी आत ओढलं जातं. म्हणून पाणी येण्याजाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात तिथे पहिली बादली कधी पिऊ नये. मागच्या रांगेतल्या काकू मान हलवताहेत. त्यांना हे माझ्या आधीपासून माहीत आहे.

टाकीत ब्लीचिंग पावडर टाकणारे तर सर्रास चुकतात. हजार लिटरला 25 टक्के क्लोरीन असलेली आठ ग्रॅम पावडर पुरते. कोरडी भुरभुरायची नाही. आधी लगदा करा, बादलीभर पाण्यात ढवळा, चुना दहा मिनिटं खाली बसू द्या, वरचं निवळ तेवढं टाकीत ओता आणि अर्धा तास थांबा. शेवटच्या नळाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. पोतं उघडं ठेवलंत तर आपल्या उन्हात त्यातला क्लोरीन उडतो. मग हातात राहतो तो नुसता चुना. भिंतीला लावा.

ग्रँडमध्ये 1930 च्या दशकात टायफॉइड शिरला. सहा माणसं गेली. या रोगाची खोच अशी की जंतू पोटात गेल्यावर ताप यायला साधारण आठ ते चौदा दिवस लागतात. पाहुणा तोवर बिल भरून, टीप देऊन घरी पोचलेला असतो. आजार दुसऱ्याच शहरात उमटतो. हॉटेलवर बोट येईपर्यंत आणखी किती जण ते पाणी पिऊन गेलेले असतात! स्टीफन 1927 मध्येच वारले होते. 1937 साली ग्रँडला कुलूप लागलं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता सुरू होतोय.

तर दुसरा परका, मोहनसिंग ओबेरॉय. झेलम जिल्ह्यातल्या भौनचे. 1922 मध्ये प्लेगच्या साथीतून निघून सिमल्याला आले, सेसिल हॉटेलात पन्नास रुपयांवर कारकून झाले. 1934 मध्ये बायकोचे दागिने गहाण टाकून तिथलंच क्लार्क्स हॉटेल घेतलं. 1938 मध्ये कुलूपबंद ग्रँड भाडेपट्ट्याने घेतलं.

मला मांडायचं होतं ते हे. परक्या माणसाला चौरंगीवर चालतं हॉटेल कोण विकणार? त्याच्याकडे वडिलोपार्जित जागा नाही, शहरातल्या पेढ्यांवर पत नाही. त्याच्या वाट्याला येतं ते संकटानंतर उरलेलं. स्टीफनना आगीनंतरची जमीन, ओबेरॉयना टायफॉइडनंतरची इमारत. भीती असते तोवरच भाव उतरलेला असतो. म्हणून त्याला घाई, आणि म्हणूनच मोरी त्याला स्वतः उकरावी लागते.

पण नळ दुरुस्त झालेला पाहुण्याला दिसत नाही. ओबेरॉयनी दात घासायलासुद्धा सोडा द्यायची हमी दिली. गोटी सोड्याची बाटली आठवा. गॅसच्या दाबाने गोटी रबराला चिकटून असते. दाब गेला की गोटी खाली. बाटली शाबूत आहे का, हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी कळतं. फक्त त्याच सोड्यात नळाच्या पाण्याचा बर्फ टाकलात की सगळं मुसळ केरात!

महायुद्धात तिथे सुमारे चार हजार सैनिक उतरले आणि 1943 मध्ये ओबेरॉयनी ती वास्तू विकतच घेतली. माणशी शंभर लिटर धरले तरी दिवसाला चार लाख लिटर पाणी आत येणार, आणि जवळजवळ तेवढंच मोरीतून बाहेर जाणार. आता बोला, झुंबर आधी बघायचं की चेंबर?

हो, हो, थांबतो. चहा आलाय. पाणी उकळलेलं आहे, मी विचारून घेतलंय.