वजनाचं ऑपरेशन झालं, मग शुगर-बीपीच्या गोळ्या बंद करायच्या का?

नमस्कार मंडळी, रात्रीचे साडेदहा वाजलेत, दुकानाचं शटर अर्धं ओढलंय आणि हितंच काउंटरला उभा राहून व्हिडिओ करतोय, कारण आज संध्याकाळपासून एक गोष्ट डोक्यातनं जाईना. कोल्हापुरात राजारामपुरीत मेडिकल आहे माझं हे तुम्हाला माहीतच आहे. तर एक ताई आल्या, हातात पिशवी, पिशवीत सात-आठ स्ट्रिपा आणि एक बाटली, म्हणाल्या दादा ह्या परत घेता का, माझं वजनाचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले, अठरा किलो उतरलं, आता ह्यातलं काही लागत नाही.

मी विचारलं, डॉक्टरांनी बंद करा म्हणून सांगितलं का ताई? तर म्हणाल्या, न्हाई ओ, बरं वाटतंय म्हणून मीच बंद केल्या.

मंडळी, अठरा किलो उतरवणं म्हणजे खायचं काम नाही, त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मलाही लई बरं वाटलं. पण ती बाटली थायरॉईडच्या गोळ्यांची होती. आणि थायरॉईडचा आजार काही ह्या ऑपरेशननं जात नाही, ग्रंथी कमी काम करते म्हणून ती गोळी असते, वजन उतरल्यावर डोस कमी लागू शकतो, त्यासाठी टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करायची, पण गोळी आपणहून सोडून द्यायची नसते. वर अजून एक आहे. ऑपरेशननंतर कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चालू होतात, त्या आणि थायरॉईडची गोळी ह्यात चार तासांचं अंतर ठेवावं लागतं, नाहीतर थायरॉईडची गोळी नीट शोषलीच जात नाही. हे त्या ताईंना कुणी सांगितलेलं नव्हतं.

आता उलटी बाजू सांगतो, आणि ही माझ्या घरातली आहे. माझे मामा कागलला असतात, बारा-तेरा वर्षांची शुगर, वजन एकशे अठ्ठावीस, त्यांचं गॅस्ट्रिक बायपास झालं, म्हणजे जठर छोटं करून अन्न थेट पुढच्या आतड्यात सोडतात ते वजनाचं ऑपरेशन. घरी सोडताना कागदावर लिहिलेलं, पूर्वीची औषधं चालू ठेवा. मामी शिस्तीची बाई, कागदावर लिहिलंय म्हणजे द्यायचंच, सकाळ-संध्याकाळ गोळी चालू. खाणं किती? दोन-चार चमचे मुगाचं पाणी, थोडं ताक, बास. सहाव्या दिवशी पहाटे चारला मामीचा फोन, मामा घामानं भिजलेत आणि काहीतरी बरळतायत. मी फोनवरच मशीन लावायला लावलं, शुगर ५२, म्हणजे एकदम खाली. साखरेचं पाणी घोट-घोट पाजलं, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, मग जरा वर आली. तोपर्यंत माझे हातपाय गार पडलेले, मी गाडीवर कागलच्या रस्त्याला लागलेलो.

हे का झालं ते समजून घ्या, कारण सगळ्याचं मूळ ह्यात आहे. हे बायपास किंवा स्लीव्ह, म्हणजे जठराचा बराचसा भाग काढून टाकतात ते ऑपरेशन, केल्यावर शुगर उतरायला वजन उतरायची वाट बघत नाही. काही दिवसांतच उतरते. एक म्हणजे पोटात जाणारं खाणंच एकदम कमी होतं, त्यामुळं लिव्हरमधली चरबी पटापट वितळायला लागते, आणि दुसरं म्हणजे अन्न लवकर लहान आतड्यात पोचतं, तिथनं जीएलपी-१ नावाचं हार्मोन जास्त सुटतं आणि ते स्वादुपिंडाला जेवणानंतर इन्सुलिन सोडायला मदत करतं. म्हणजे शरीर आपलं आपण शुगर खाली आणत असतं आणि आपण वरनं जुन्याच डोसची गोळी देत असतो.

(स्ट्रिप कॅमेऱ्यासमोर धरून) आता ही गोळी बघा. आपल्याकडं बऱ्याच शुगरवाल्यांकडं अशी जोडगोळी असते, एकाच गोळीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. ग्लिमेपिराइड म्हणजे तुम्ही खाल्लंय का नाही हे न बघता स्वादुपिंडाकडनं इन्सुलिन काढून घेणारं औषध. ऑपरेशननंतर खाणं कमी असताना धोका त्याचा आहे, आणि इन्सुलिनच्या इंजेक्शनचा. म्हणून हे दोन सहसा पहिले कमी करतात किंवा बंद करतात. मेटफॉर्मिननं एकट्यानं शुगर अशी धाडकन पडत नाही, ते बऱ्याच जणांना पुढं चालू ठेवतात. पण दोन्ही एकाच गोळीत असल्यावर पेशंट काय करणार? अर्धी तोडून खातात! त्यात ग्लिमेपिराइड राहतंच, आणि गोळीवर एसआर किंवा ईआर लिहिलेलं असेल, म्हणजे औषध हळूहळू सुटणारी गोळी असेल, तर ती तोडायचीच नसते. त्यामुळं ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना विचारा की माझ्या स्ट्रिपमध्ये दोन औषधं आहेत, त्यातलं कुठलं ठेवायचं, कुठलं काढायचं, दोन्ही वेगवेगळी लिहून द्या. मामांचं पहिल्याच दिवशी हे सुट्टं करून मिळालं असतं तर ती पहाट आलीच नसती.

अजून एक गोळी, डापाग्लिफ्लोझिन. पेटंट संपल्यावर स्वस्त झाली, आता रोज खपते. ही लघवीवाटे साखर बाहेर काढते, ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करतात, आणि नंतर खाणं नीट सुरू होईपर्यंत आपल्या मनानं परत चालू करायची नाही. कारण उपाशीपोटी ही गोळी असली की रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि घात असा की मशीनवर शुगर चांगलीच दिसते. उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं असं काही झालं तर शुगर नॉर्मल आहे म्हणून घरी बसू नका, दवाखाना गाठा आणि कुठली गोळी चालू होती ते सांगा.

आता बीपी. इथं माझा अनुभव असा की लोक दोन्हीकडनं चुकतात. गोळीच्या नावापुढं एच असेल तर त्यात बहुतेक लघवीची गोळी मिसळलेली असते. ऑपरेशननंतर एका वेळी घोट-घोटच पाणी जातं, त्यात ही गोळी पाणी बाहेर काढते, मग उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी. आमच्या गल्लीतले एक काका ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी चैत्रात जोतिबाला गेले, भर उन्हात पायऱ्या चढताना मटकन खाली बसले, वरचं बीपी ९०. गोळी जुनीच चालू होती. आणि दुसऱ्या बाजूला असे लोक की ज्यांनी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉलसारखी गोळी एका दिवसात बंद केली. ती हळूहळू उतरवायची असते, एकदम सोडली की ठोके आणि बीपी उसळून वर येतात, हृदयाचा त्रास असणाऱ्याला ते फार महागात पडतं.

बीपीची गोळी सुटते का, तर हो, सुटते बऱ्याच जणांची. ब्राझीलमध्ये १०० पेशंटवर अभ्यास झाला, २०१८ मध्ये आला, त्यात बायपास केलेल्यांपैकी साधारण निम्म्यांचं बीपी वर्षभरानं गोळीशिवाय १४०/९० च्या खाली होतं. म्हणजे राहिलेल्या निम्म्यांना गोळी लागतच होती, त्यातल्या बऱ्याच जणांना आधीपेक्षा कमी.

शुगरचं पण असंच. स्वीडनमधला मोठा अभ्यास आहे, जुन्या पद्धतीची ऑपरेशनं होती त्यात जास्त, दोन वर्षांनी शुगरवाल्यांपैकी ७२ टक्क्यांची शुगर गेलेली, दहा वर्षांनी तो आकडा ३६ टक्के. हे मी घाबरवायला सांगत नाही, दहा वर्षं तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोक शुगरमुक्त राहिले ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण शुगर परत येऊ शकते, विशेषतः जुनी शुगर असेल, आधीपासून इन्सुलिन चालू असेल तर. म्हणून डॉक्टर "बरी झाली" असं म्हणत नाहीत, रेमिशन म्हणतात, आणि त्याचा हिशोब असा की शुगरचं सगळं औषध बंद करून किमान तीन महिने झाले तरी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, साडेसहाच्या खाली पाहिजे. बरं वाटण्यावर हे ठरत नाही, लॅबच्या कागदावर ठरतं. आणि त्यानंतरही वर्षाला एकदा तपासणी, डोळे आणि किडनी धरून.

कोलेस्टेरॉलची गोळी, आणि अँजिओप्लास्टी झालेल्यांची रक्त पातळ करणारी गोळी, ह्यांना वजनकाट्याकडं बघून हात लावू नका. झोपेत श्वास अडकतो, घोरतात म्हणून रात्री नाकाला लावायचं मशीनही तसंच, घरचे म्हणतात आता घोरत नाहीत, पण झोपेची तपासणी परत करूनच ते काढायचं.

आणि गुडघेदुखीची गोळी! हिच्यावर माझा राग आहे कारण ती चिठ्ठीशिवाय मागितली जाते. वजनाचं बायपास झालं असेल तर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफिनॅक नको, आतड्याच्या जोडावर अल्सर होतो, रक्तस्राव होतो. मेडिकलमध्ये गेल्यावर आधी सांगा की माझं वजनाचं बायपास झालंय. आम्हाला तोंड बघून कळत नाही ओ.

बी-१२, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी ह्या मात्र नव्यानं आलेल्या गोळ्या, ह्या जन्मभराच्या. मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ अजूनच कमी होतं, शाकाहारी माणसानं तर हे विसरूच नये.

मामांचं म्हणाल तर दीड वर्ष झालं, वजन ब्याण्णव आहे, ग्लिमेपिराइड गेलं ते गेलंच, मेटफॉर्मिन एक वेळ आहे, बीपीच्या दोनाच्या एक झाल्या. मामींनी दुधाच्या हिशोबाची वही असते तशी वही केलीय, तारीख, उपाशीपोटीची शुगर, बीपी, कुठली गोळी कुणी कधी कमी केली. ती वही घेऊनच ते डॉक्टरांकडं जातात.

त्या ताईंच्या स्ट्रिपा मी परत घेतल्या नाहीत. सगळ्या एका पिशवीत घातल्या, वर चिठ्ठी चिकटवली, कुठली कधीपासून बंद आहे ते त्यांनाच विचारून लिहिलं, आणि त्यांच्या डॉक्टरांना तिथनंच फोन लावून दिला. उद्या सकाळी अकराची वेळ मिळालीय.