तिथे शिट्टी वाजवणारं कुणी नसतं

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात लोणावळ्याला भुशी धरणावर गेलात, तर पायऱ्यांपाशी पोलीस उभे असतात. कुणी जरा पुढे सरकलं की शिट्टी. आपल्याला त्याची इतकी सवय झालीय, की शिट्टी वाजत नाही तोवर सगळं ठीक आहे असं आपण धरूनच चालतो. आज मी बोलणार आहे आइसलँडबद्दल. तिथे पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथली माणसं बऱ्याच गोष्टी सांगतात, पण रोख बहुतेक वेळा एकच असतो: बाबा रे, इथे तुला अडवायला कुणी येणार नाही. एक पाटी असेल, तीही लहानशी. ती वाच आणि खरी मान.

आइसलँड म्हणजे उत्तर अटलांटिकमधलं बेट. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या एक तृतीयांश आणि लोकसंख्या चार लाखांच्या आत, म्हणजे आपल्या सांगली-मिरज-कुपवाडपेक्षाही कमी. प्रवासी रेल्वे नाही. भारतातून थेट विमान नाही, मध्ये युरोपात कुठेतरी बदलावं लागतं. शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. विमानतळ केफ्लाविकला, राजधानी रेक्याविकपासून सुमारे ५० किलोमीटरवर. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळच ड्यूटी फ्रीचं दुकान लागतं आणि तिथे आइसलँडचेच लोक ढकलगाड्या भरभरून बाटल्या घेताना दिसतात. गावात दारू मुख्यतः सरकारी दुकानांत मिळते आणि तिच्यावर कर जबर. बिअरवर तर १ मार्च १९८९ पर्यंत बंदीच होती. घेणाऱ्यांनी काय ते समजून घ्यावं, रेडिओवरून मी एवढंच सांगते.

आता त्या पाटीकडे येऊ. दक्षिण किनाऱ्यावर, रेक्याविकपासून सुमारे १८० किलोमीटरवर विक नावाचं गाव आहे आणि त्याच्या जवळच रेनिसफ्यारा हा समुद्रकिनारा. वाळू काळीकुळकुळीत. मागे कड्याला दगडाचे कोनेदार खांब, एकाला एक चिकटून उभे. दगड आपल्या ओळखीचा आहे, बेसॉल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. सह्याद्री त्याचाच, आणि अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला असेच खांब आहेत. आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला, तिथला अजून जमिनीतून बाहेर येतोच आहे. फोटोसाठी जागा अशी, की माणूस हमखास खांबांकडे तोंड आणि समुद्राकडे पाठ करून उभा राहतो. आणि स्थानिक माणूस तुम्हाला शंभरदा सांगेल, की इथे समुद्राला पाठ दाखवायची नाही.

कारण तिथली लाट फसवी. बराच वेळ लाटा येतात आणि लांबच विरून जातात. आपण सैल होतो, मुलांचा हात सोडतो, बूट ओले होणार नाहीत अशा बेताने दोन पावलं पुढे जातो. मग एकच लाट अशी येते, की ती थेट कड्याच्या पायथ्याला लागते. किनाऱ्याला उतार फार, पाणी बर्फासारखं, आणि परतीची ओढ अशी की पायाखालची वाळूच सरकते. पोहता येतं म्हणून काही फायदा नाही. तिथे पर्यटकांचे जीव गेलेले आहेत. जीवरक्षकाची खुर्ची नाही. वाहनतळापासून येताना पाटी आहे, इशाऱ्याचे दिवे आहेत, बस. लाल दिवा असेल त्या दिवशी वाळूवर उतरायचंच नाही, वरूनच बघायचं. आपल्या लोकांना हे जड जातं. इतक्या लांब आलो, इतके पैसे घातले, आणि वरून बघायचं? हो, वरून बघायचं.

पैशांचा हाच हिशेब हवामानाच्या बाबतीतही आडवा येतो. आपल्याकडे सहलीचा कागद आधीच तयार असतो: सोमवारी हे, मंगळवारी ते, हॉटेलांचे पैसे भरलेले. तिथल्या माणसांना याची गंमत वाटते. सकाळी उठून ती आधी हवामान खात्याचं वेदूर डॉट इज बघतात, मग रस्त्यांसाठी उम्फेरदिन डॉट इज, आणि त्यानंतर कुठे जायचं ते ठरतं. दोन्ही ठिकाणी इंग्रजीत माहिती मिळते. इशाऱ्यांचे रंग तीन, पिवळा, नारिंगी आणि लाल. पिवळ्यातसुद्धा गाडी बाहेर काढण्याआधी घरमालकाला विचारावं, नारिंगी असेल तर मुक्कामातून हलूच नये. म्हणून बेतात एखादा दिवस मोकळा ठेवा. बेटाला वळसा घालणारा एक नंबरचा रस्ता सुमारे १,३०० किलोमीटरचा आहे, आणि तो पाच दिवसांत उरकणाऱ्यांना काचेतून बाहेर बघण्यापलीकडे काही मिळत नाही. आठ-दहा दिवस द्या. नसतील तर दक्षिण किनाराच नीट बघा. हिवाळ्यात तर पूर्ण फेरीचा हट्ट नकोच.

छत्री नेऊ नका. पाऊस तिथे आडवा येतो आणि छत्री पहिल्या पाच मिनिटांत उलटी होते. जीन्सही नको, ती एकदा भिजली की दिवसभर अंगावर गार पडून राहते. आत लोकरीचं, वर पाणी न शिरणारं जाकीट आणि तसलीच पँट, एवढं हवं. उन्हाळ्यातसुद्धा.

त्या वाऱ्याचं आणखी एक. आमच्या मुक्कामाच्या ठिकाणच्या बाई आमच्याबरोबर गाडीपर्यंत आल्या आणि त्यांनी दार कसं उघडायचं ते दाखवलं. मला आधी हसूच आलं. एक हात आतल्या मुठीला, दुसरा दाराच्या काठाला, आणि मग बेताबेताने. दोन बाजूंची दारं एकदम उघडायची नाहीत. गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे, म्हणजे वारा दार लोटून लावतो, मागे खेचत नाही. त्याच दुपारी एका धबधब्याच्या वाहनतळावर शेजारच्या गाडीचं दार वाऱ्याने असं मागे फेकलं, की बिजागरीच वाकली. भाड्याच्या गाडीचा विमा असं नुकसान सहसा भरून देत नाही. वाऱ्याने उडालेल्या वाळूने रंग खरवडला, तर त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो. करार सही करण्याआधी वाचा. मी नेहमी न वाचता सही करणाऱ्यांपैकी, पण तिथे वाचला.

गाडी चालवायची ती रस्त्याच्या उजव्या बाजूने. दिवे दिवसाही लावलेले, तसा कायदाच आहे. गावाबाहेर डांबरी रस्त्यावर मर्यादा ९०, खडीच्या रस्त्यावर ८०, आणि डांबर संपून खडी सुरू होते तिथेच अनोळखी चालक घसरतात, तेव्हा वेग आधीच कमी करायचा. एकेरी पूल बरेच आहेत. रिवाज असा, की जो पुलाच्या जवळ आहे तो आधी जातो, दुसरा थांबतो. हॉर्न कुणी वाजवत नाही. उन्हाळाभर मेंढ्या मोकाट असतात. आई रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं, तर कोकरू पळणार हे धरून ब्रेकवर पाय ठेवा. ज्या रस्त्यांच्या नंबराआधी एफ अक्षर आहे, ते डोंगरातले. तिथे चारही चाकांना जोर असलेलीच गाडी चालते, ते उन्हाळ्यातच उघडतात आणि मध्ये नद्या पार कराव्या लागतात. त्या पाण्यात गाडी बंद पडली की विमा हात वर करतो. पहिल्या खेपेला तिकडे वळूच नका.

रस्ता सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहे, दंड जबर. याचा राग तिथल्या माणसांना किती येतो ते बघण्यासारखं आहे, एरवी ती आवाज चढवत नाहीत. लाव्हाच्या दगडावर जे हिरवं शेवाळ असतं ते इंचभर वाढायला वर्षानुवर्षं लागतात. चाकाचा चर, अगदी बुटाचा ठसासुद्धा, कितीतरी काळ तसाच राहतो. दगडावर दगड रचून मनोरे करण्याची आपली हौसही तिथे चालत नाही. तिथे दगडांच्या राशी पूर्वीपासून वाट दाखवायला रचलेल्या आहेत, खोट्या राशी नकोत.

पाणी विकत घेऊ नका. नळाचं गार पाणी थेट झऱ्याचं, बाटलीतल्यापेक्षा चांगलं. गरम नळाला मात्र गंधकाचा वास येतो, कारण ते जमिनीतून आलेलं असतं. दहातली नऊ घरं या भूगर्भातल्या उष्णतेवर ऊब घेतात. त्या नळाखाली एकदम हात धरू नका, भाजेल. आणि बायांनो, पैंजण, जोडवी, चांदीचं जे काही असेल ते आंघोळीआधी काढून ठेवा. गंधकाच्या पाण्याने चांदी काळी पडते.

आता जरा अवघड विषय. गावोगावी गरम पाण्याचे सार्वजनिक तलाव आहेत, उघड्यावर, आणि सगळं गाव संध्याकाळी तिथे असतं. निळ्या पाण्याचं प्रसिद्ध ब्लू लगून महाग आहे, आधी नोंदवावं लागतं, आणि ते पाणी शेजारच्या वीजकेंद्रातून येतं. तिथले लोक म्हणतात, एकदा हवं तर जा, पण आमच्याबरोबर बसायचं असेल तर गावच्या तलावावर या. तिथे नियम एकच, आणि तो मोडला तर मात्र बोलणारं माणूस असतं. पाण्यात उतरण्याआधी साबण लावून आंघोळ करायची, अंगावर एकही कपडा न ठेवता. पोहण्याचा पोशाख नंतर. बायकांची न्हाणी वेगळी, पुरुषांची वेगळी, पण आत आडोसा नसतो. भिंतीवर चित्र असतं, कुठकुठे साबण लावायचा ते रंगवून दाखवलेलं. पाण्यात क्लोरीन फार घालत नाहीत, म्हणून ही शिस्त. मी बराच वेळ टॉवेल धरून उभी होते. शेजारी एक आजी डोकं धूत होती, तिने माझ्याकडे बघितलंही नाही. कुणीच बघत नाही हो. फारच संकोच वाटला तर काही तलावांवर आडोशाची एखादी खोली असते, काउंटरवर विचारा. मग बाहेर गरम कुंडात मानेपर्यंत बसायचं, वरून हिमकण पडत असतात, आणि शेजारचे लोक राजकारणावर वाद घालत असतात.

खाणं महाग. तिथले लोक सांगतात, गुलाबी डुकराची पाटी असलेल्या बोनुस दुकानातून सामान घ्या आणि खोलीवर शिजवा. स्कीर जरूर घ्या, आपल्या चक्क्यासारखं घट्ट असतं, मी त्यात साखर आणि वेलची घालून खाल्लं. काटेकोर शाकाहारी असाल तर वेष्टण वाचा, काही प्रकारांत रेनेट असतं, म्हणजे दूध घट्ट करायला वासराच्या पोटातून काढलेला पदार्थ. रेक्याविकच्या बंदराजवळ १९३७ पासूनची हॉट डॉगची टपरी आहे, रांग असते. त्या सॉसेजमध्ये कोकरू, डुक्कर आणि गाय तिन्हींचं मांस असतं, हे आधी माहीत असलेलं बरं. शाकाहाऱ्यांसाठी फ्रिदहेइमार नावाचं टोमॅटोचं हरितगृह आहे, वेलींच्या मध्येच टेबलं मांडून टोमॅटोचं सूप आणि ताजा पाव देतात. टिप द्यायची पद्धत नाही. बऱ्याच पेट्रोल पंपांवर माणूस नसतो, कार्ड आणि पिन लागतो, तेव्हा निघण्याआधी बँकेत कार्ड परदेशासाठी चालू करून घ्या.

घरात शिरताना चपला-बूट दारात काढायचे, हे आपल्याला सांगायला नको. कॅफेबाहेर थंडीत बाबागाडीत एकटं झोपलेलं बाळ दिसलं तर आरडाओरडा करू नका, आई आत कॉफी पितेय. बाळाला मोकळ्या हवेत निजवण्याची तिथली रीतच आहे.

उत्तरेचा प्रकाश, म्हणजे रात्रीच्या आकाशात दिसणारा ऑरोरा, बघायचाय की डोंगरवाटा, हे आधी ठरवा. दोन्ही एका खेपेत सहसा जमत नाही. जूनमध्ये रात्र होतच नाही, डोळ्यांवर पट्टी बांधून झोपावं लागतं. डिसेंबरात उजेड चार-पाच तास. प्रकाश सप्टेंबर ते एप्रिल, आणि तोही आकाश निरभ्र असेल तर. जून-जुलैत किनाऱ्यावर हिंडताना क्रिया नावाचा पक्षी घरट्याजवळून गेलात की डोक्यावर चोच मारतो. त्यावर स्थानिक उपाय आहे: काठी डोक्याच्या वर धरून चालायचं, तो सगळ्यात उंच टोकावर हल्ला करतो.

शेवटी तो नंबर, ११२. आपल्याकडे आहे तोच. पण तिथे डोंगरात तुमच्यासाठी जे येतात ते पगारी लोक नसतात. कुणी शिक्षक, कुणी सुतार, कुणी मच्छीमार. बचाव पथकांचे स्वयंसेवक आहेत, रात्री दोनला जेवणखाण, झोप टाकून निघतात आणि तुमच्याकडून पैसे घेत नाहीत. सेफट्रॅव्हल डॉट इज हे त्यांचंच काम. लांबच्या वाटेला जाण्याआधी तिथे आपला बेत लिहून ठेवता येतो, कुठे जाणार, कधी परतणार. या पथकांचा मोठा खर्च निघतो तो वर्षअखेरीच्या फटाक्यांतून, ते स्वतःच फटाक्यांचे स्टॉल लावतात. तेव्हा ३१ डिसेंबरला तिथे असाल, तर फटाके त्यांच्याच स्टॉलवरून घ्या.

नमस्कार.